एकतर्फी वळण

शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आयुष्य काढलं की उजव्या पायाला एक खोड लागते. गाडी कुणाचीही असो, समोर म्हैस दिसली की पाय आपोआप दाबला जातो. खाली पेडल नसतं, नुसता पत्रा असतो, तरी दाबला जातो. चिपळूणला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथून छत्रपती संभाजीनगरला निघालो तेव्हा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच सीट मिळाली. कुंभार्ली घाट आणि त्यापुढचा सगळा रस्ता मी तळव्यानं दाबत गेलो. उतरलो तेव्हा पिंढरी दुखत होती. त्या लांबच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

आमच्याकडची माणसं तिकडे जातात ती वेरूळची लेणी बघायला. मीही घरी तसंच सांगून निघालो होतो. लेणी मी बघितली नाहीत. परत आल्यावर माझ्या बायकोला, सुनंदाला, सगळं खरं सांगितलं. बरेच दिवस ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. मग एकदा म्हणाली, "सगळ्यांना लेणी बघितली म्हणून सांगत सुटलायत. काय बघितलंत ते नीट लिहून तरी काढा." म्हणून हे लिहितो आहे.

काय खरं, ते आधीच सांगून टाकतो. मला लपवायची सवय आहे, उशीर केला तर इथंही लपवीन.

आमची एकुलती एक मुलगी रेवती संभाजीनगरला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. एका दुपारी ती आणि सुनंदा बाजारात गेल्या होत्या, तिचा फोन लागत नव्हता, म्हणून तिच्या सरांनी माझ्या नंबरवर फोन केला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी कुणाला तरी पाठवायचं आहे, पहिलं नाव रेवतीचं आहे, संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे, तेवढं तिला विचारून सांगाल का? मी थोड्या वेळानं उलट फोन केला आणि म्हणालो, "ती नको म्हणते. आईची तब्येत बरी नसते ना." मी तिला विचारलंच नव्हतं. सुनंदाला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. मला संभाजीनगरच लांब वाटत होतं, त्यापलीकडचं काही ऐकवेना. पाय दाबला गेला. चांगला ब्रेक शेजारच्याला कळतसुद्धा नाही, असं मी प्रत्येक शिकाऊला सांगतो. हा तसाच लागला. दोघी बाजारातून आल्या, आम्ही चहा प्यालो, आणि कुणाला काही कळलं नाही.

दिवाळीपासून ते आतून टोचत राहिलं. शेवटी तिला समोर बसून सांगायचं ठरवलं आणि निघालो.

बेगमपुरा

रेवती बेगमपुऱ्यात खोली घेऊन राहते. तिथं जायला मकाई गेटातून जावं लागतं. जुना दगडी दरवाजा, त्यातून एका वेळी एकीकडचीच वाहनं निघतात. सिग्नल नाही, पोलीस नाही. रिक्षावाला गाडी बाजूला घेऊन निवांत बसला. मी अस्वस्थ झालो तसा म्हणाला, "ठैरो ना अंकल, पयले उनकू आने दो. दरवाजा किधर भागता नै." पलीकडची शेवटची मोटारसायकल बाहेर आली, मग आम्ही. हॉर्नसुद्धा फारसे वाजले नाहीत. चिपळूणच्या बाजारपुलावर हे मी तीस वर्षं शिकवतो आहे, तिथं अजून जमलेलं नाही.

रेवती कोपऱ्यावर शाल गुंडाळून उभी होती. आमच्याकडे जानेवारीत पंखा लागतो, इथं सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

"बाबा, लई उशीर केलात," ती म्हणाली.

आमच्या घरात 'लई' नव्हतं. माझ्या मुलीच्या तोंडात दुसऱ्या गावाचा शब्द इतका सहज बसलेला पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा वेळानं.

टेबलावरचा प्रकाश

दुपारी ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. तळमजल्यावरची खोली, खिडक्यांना काळा कागद, चपला दाराबाहेर. आत एक भलंमोठं लोखंडी टेबल, त्यावर आरसे, भिंगं आणि नखाएवढा एक स्फटिक. स्फटिकात जांभळा प्रकाश सोडतात. क्वचित कधी त्यातल्या एका कणाचे दोन कण होतात आणि दोन वाटांनी निघून जातात.

"हे दोघं गुंतलेले असतात," रेवती म्हणाली. "एकेकट्याचं पुरतं वर्णन करताच येत नाही. करायचं तर दोघांचं मिळून."

"आणि तू काय करतेस त्यांचं?"

"स्टिअरिंग."

मला हसू आलं. "मग घरीच राहायचं होतंस की. आपला धंदाच तो."

"तुमच्या स्टिअरिंगला दोन हात लागतात, बाबा. इथं इकडच्या कणावर मोजायचं आणि तिकडचा वळतो. त्यातही माझं काम एकतर्फी स्टिअरिंगचं. इकडून तिकडं वळवता येतं, तिकडून इकडं नाही."

हे मात्र मला एकदम समजलं. मी तिला म्हटलं, आपल्या जुन्या गाडीत दोन्हीकडची पेडलं लोखंडी दांड्यानं जोडलेली होती. शिकाऊनं दाबलं की माझंही खाली जायचं, तो काय करतोय ते माझ्या तळव्याला कळायचं. नव्या गाडीत दांड्याऐवजी वायर आहे. मी दाबलं की त्याचं पेडल खाली जातं. त्यानं दाबलं तर वायर नुसती सैल पडते, माझं हलत नाही.

रेवती म्हणाली, "हेच. म्हणजे हे नाही, पण हेच."

"नाही कसं?"

"तुमच्या वायरीतून ओढ जाते. इथं इकडून तिकडं काहीच जात नाही. धक्का नाही, निरोप नाही. मी इकडच्या कणाला कुठला प्रश्न विचारायचा तेवढं निवडते. उत्तर काय येणार तेही माझ्या हातात नाही. पण मी कुठला प्रश्न निवडला, यावर तिकडचा कण कुठल्या तऱ्हेच्या अवस्थेत सापडणार ते ठरतं."

"तिकडच्याला कळतं का, की आपल्याला वळवलंय?"

"अजिबात नाही. त्याच्या एकट्याच्या नोंदी बघितल्या तर सगळं नेहमीसारखं. काही घडलंय याचा मागमूस नसतो. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की मगच दिसतं."

माझं हसू गेलं. मी विचारलं, "आणि उलट दिशेनं का होत नाही?"

तिनं एका वाटेवर बसवलेली काळसर काच दाखवली. "ही मी मुद्दाम घातलीय. इथं बराच प्रकाश वाटेतच हरवतो. दोघं अजून गुंतलेलेच आहेत हां, नातं तुटलेलं नाही. पण ज्याचं इतकं हरवतं तो दुसऱ्याला वळवू शकत नाही. त्याला मात्र दुसरा वळवू शकतो." काच पुसत ती पुढे म्हणाली, "आणि वळवलं की नाही हे ठरवायचं त्यानं. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, फक्त स्वतःच्या यंत्रावर ठेवायचा. असा नियमच आहे."

तेवढ्यात तिचे सर आले. बिडकीनजवळच्या एका गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. गळ्यात मफलर, हातात चहाचा कागदी कप.

"राम राम साहेब. दिवाळीत बोललो होतो की आपण फोनवर," ते म्हणाले. "वहिनींची तब्येत कशी हाय आता?"

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. "आईला काय झालं होतं?"

"गुडघा," मी म्हणालो. इतक्या लांब जे कबूल करायला आलो होतो, त्यावर पहिल्याच दिवशी आणखी एक थर चढवला.

सरांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "थंडीत गुडघे लई छळतात," एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. गावातल्या शाळेत त्यांना या विषयावर मराठीत बोलायचं होतं आणि स्टिअरिंगला शब्द अडला होता. "मी म्हणतो 'हाकणं'. तर ही नाय म्हणती."

"हाकायला काठी लागते, सर. इथं काठी कुठंय?" रेवती म्हणाली. "मी 'वळवणं' म्हणते."

"आमच्याकडे मुलांना वळण लावतात," मी म्हणालो. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोललो.

सर खूश झाले. "बघ, हा खरा शब्द. 'एकतर्फी वळण'. साहेब, तुमचं नाव सांगून वापरतो." आणि परवा शेतावर हुरडा खायला यायचं, असं बजावून गेले.

संध्याकाळी रेवतीनं मला शहागंजात नान-खलिया खायला नेलं. हातभर रुंदीची लालसर पिवळी नान आणि मटणाचा हळदी रंगाचा पातळ रस्सा. आमच्याकडे वडे-कोंबडीत नारळ पुढे येतो, इथं नारळाचा पत्ता नाही, तरी कशाचीही उणीव वाटत नाही. मी दुसरी वाटी मागितली.

"आईचा गुडघा कुठला?" रेवतीनं विचारलं.

"डावा."

"फोन करते तिला."

"झोपली असेल आता."

"बाबा, सात वाजलेत."

मी नान तोडत राहिलो. ती हात धुवायला म्हणून उठली आणि बराच वेळ आली नाही.

दौलताबाद

दुसऱ्या दिवशी सरांची जुनी गाडी घेऊन ती दारात आली. इथं सांगायला हवं, की ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची ही मुलगी गाडी शिकली ती संभाजीनगरात, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींकडून. घरी मी तिला शिकवायला घेतलं होतं. ती क्लच सोडायच्या आधी मी ब्रेक दाबायचो. दोन-तीन दिवसांनी ती गाडीतून उतरली, चावी माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेली.

किल्ल्याच्या वाटेवरची छावणी ओलांडली. ती छान चालवत होती. गिअर बदलल्याचा आवाज नाही, ट्रकच्या पुढे जाताना घाई नाही, आरशात बघणं वेळच्या वेळी. यातलं मी काही शिकवलेलं नव्हतं. तरी माझा पाय पत्र्यावर दाबतच होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"आईचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत," समोर बघत ती म्हणाली. "काल विचारलं मी."

"वर चढलो की सांगतो," मी म्हणालो.

कोकणातला माणूस डोंगर हिरवा समजतो. हा किल्ल्याचा डोंगर सुळक्यासारखा, कडे तासून काढलेले, एखाद्यानं राग धरून बसावं तसा. खंदकाच्या अलीकडे मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे, खुंटावर फिरणारी. पुढे अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातली वळणावळणाची काळोखी वाट. आमच्याबरोबरच्या गाइडनं टॉर्च विझवला. वटवाघळांचा उग्र वास आला. तो सांगत होता, की शत्रू इथं दोन्हीकडून शिरायचा आणि काळोखात आपल्याच माणसांना कापायचा. रेवतीनं माझं कोपर धरलं. तोंड दिसत नाही तोवर सांगून टाकावं, असं मनात आलं, पण गाइडचं बोलणं थांबेना. आम्ही उन्हात बाहेर आलो, डोळे दिपले, आणि तिथल्या पायऱ्यांवर मी सांगितलं. फोन, सरांनी काय विचारलं ते, मी काय उत्तर दिलं ते. पाच-सहा वाक्यांत संपलं. इतके दिवस ते केवढं मोठं वाटत होतं.

रेवतीनं कोपर सोडलं. "मला न विचारता?"

"न विचारता."

ती वळली आणि पायऱ्या चढत वरच्या बारादरी महालाकडे निघून गेली. मला मागे जायचं धाडस झालं नाही. खाली येऊन पेरूवाल्या बाईंच्या टोपलीशेजारी बसलो. बाईंनी पेरूला तिखट-मीठ लावत विचारलं, "लेक लई ताडताड गेली वर. भांडलात व्हय?"

"ती नाही भांडली. माझंच चुकलंय."

"मग बसा निवांत. वर जायला आन् उतरायला एकच वाट हाय. जाती कुठं नाय तर."

बसलो. समोर चांद मिनार उन्हात उभा होता. सहलीला आलेली शाळेची पोरं ओरडत उतरत होती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, आणि पेरू फार गोड होता.

ती आली, शेजारी बसली, माझ्या हातातला अर्धा पेरू घेतला.

"तुमची नोंद मिळाली," ती म्हणाली. "आता माझी ऐका. दिवाळीनंतर मी आले तर सर त्या जागेबद्दल चकार शब्द बोलेनात. नाव दुसऱ्याचं गेलं. मला वाटलं, माझं काम कच्चं आहे. मी एक अवघड प्रयोग सुरू केला होता, दोन्ही दिशा एकाच वेळी मोजायचा. तो बंद केला आणि सोपा घेतला. सरांना सांगितलं, जमत नाही. इतके महिने मी स्वतःला कमी समजून काम करायले, बाबा. मला वाटत होतं हे माझंच मत आहे."

हे मला ठाऊक नव्हतं. एक जागा हुकली असेल, इतकाच माझा हिशेब होता. तिकडे काय वळलं ते आज दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा दिसलं.

"म्हणजे तुझ्या त्या कणांसारखंच," मी म्हणालो.

"नाही," ती एकदम म्हणाली. "त्यात स्वतःला बसवू नका. कण कुणाला फोन करत नाहीत. तुम्ही चक्क ब्रेक दाबलात."

"दाबला," मी म्हणालो.

"सरांशी मी बोलेन. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

जागा अजून मिळेल का, हे तिलाही माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवरही ती गाडी तितकीच नीट चालवत होती.

बिडकीनच्या अलीकडे

हुरडा म्हणजे काय ते कोकणात सांगून कळत नाही. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात खुपसतात, भाजली की हातावर चोळतात, हिरवे दाणे गरम गरम पानात पडतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, आणि एक ठेचा, ज्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. एकीकडे लांब नव्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते, दुसरीकडे ज्वारी माणसाहून उंच. सर विस्तवापाशी उकिडवे बसून कणसं चोळत होते, ते पाहून मला आमच्याकडे माडाखाली शहाळी सोलणारी माणसं आठवली.

रेवतीनं सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, मला झाकलंही नाही. सरांचे हात थांबले.

"घरचं म्हणून मी तुला काय विचारलं नाय," ते तिला म्हणाले. "आईचं म्हटल्यावर कसं विचारणार?" मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "साहेब, माझा बाप मला हाकायचा. शाळा सोड आन् औत धर म्हणायचा. पण काठी दिसायची त्याच्या हातात. दिसती म्हणून पळता यायचं."

मी मान खाली घातली.

"ती जागा मिळंल का परत?" रेवतीनं विचारलं.

"ती गेली. पोरगा जाऊन पोचला तिथं." सरांनी कणीस उलटं केलं. "पुढच्या वर्षी परत मागवतील. पण त्यांना तुझं ते दोन दिशांचं कामच पायजे होतं. त्याच्याचसाठी तुझं नाव पयलं होतं. तू तेच बंद केलंस, मी म्हटलं घरच्या काळजीनं केलं असंल."

वर्ष गेलं होतं, ते कुणाच्या सांगण्यानं परत येणार नव्हतं. पण रेवतीच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं नाही. आपलं काम कच्चं नव्हतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"उद्या ते परत मांडते," ती म्हणाली. "काच बदलावी लागेल."

"मांड. आन् पुढच्या खेपेला घरचं कुणाला विचारू?"

"मलाच."

"बरं," सर म्हणाले, आणि चोळलेल्या कणसाचे दाणे माझ्या पानात टाकले. "खा साहेब. थंड झाल्यावर मजा नाय."

पैठण रस्ता

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. रात्रीच्या बसला ती मला सोडणार होती. माझ्या पिशवीत पेरू, येसर मसाल्याची पुडी आणि सुनंदासाठी एक हिमरू शाल होती. रेवती सांगत होती की बाबा, पुढच्या वेळी आईला आणा, लेणी खरंच बघू. मी हो म्हणालो. मोठ्या रस्त्याला लागताच पाय पत्र्यावर गेला.

"बाबा," ती म्हणाली, "पाय वर घ्या."

"काय?"

"वर घ्या. मांडी घाला."

मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसलो. देवळातल्या कीर्तनाला बसावं तसा. पट्टा पोटावर आडवा, हात गुडघ्यांवर. शेजारून जाणाऱ्या टेम्पोतल्या माणसानं वळून पाहिलं.

थोडं पुढे गेलो आणि आडवाटेनं उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आला. सरळ समोर. माझं सगळं अंग आखडलं. दोन्ही गुडघे मी मुठीत घट्ट धरून ठेवले. खाली उतरायला पायांना जागा नव्हती.

ट्रॅक्टर वळून बाजूला गेला. गाडी हळू झाली होती, कधी झाली ते समजलं नाही. पिशवीतले पेरूसुद्धा हलले नाहीत.

"कसा होता ब्रेक?" रेवतीनं विचारलं.

"मला कळलाच नाही," मी म्हणालो.